खोक्यावरचे पस्तीस मैल

वॉकी-टॉकीच्या खोक्यावर पस्तीस मैल छापलेले असले की गिऱ्हाईक माझ्याशी वाद घालायच्या तयारीनेच येतं. तो आकडा तसा खोटा नसतो. एक माणूस या माथ्यावर, दुसरा समोरच्या माथ्यावर आणि मध्ये नुसती हवा असेल, तर अर्ध्या वॅटचा सेटसुद्धा तेवढं बोलून दाखवील. पण सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातल्या सेटला पाचेक किलोमीटरवर क्षितिज आडवं येतं. दोन्ही बाजूंचं मिळून दहा धरा, तेही झाडं-टेकड्या नसतील तर. दाट रानात एक-दोन किलोमीटर नीट ऐकू आलं तरी मी खूश असते.

रानात-डोंगरात जाणाऱ्या गटांना सामान तपासून देणं हे माझं काम, आणि रेडिओ ही त्यातली माझी खास बाजू. एकदा परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या एका गटाचे म्होरके आले. हंगाम सुरू व्हायच्या आधी सेट हवे होते आणि मनात आधीच ठरलं होतं: दहा वॅटचा, रंगीत स्क्रीन असलेला.

"मॅडम, वॅट जास्त म्हणजे आवाज लांब जाणार. साधं गणित आहे."

गणित तितकं साधं नाही. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायचं तर वॅट चौपट लागतात, आणि मध्ये डोंगर आला की ते चौपट वॅटही त्याच्या पोटात जातात. पण हे खुर्चीत बसून कुणाला पटत नाही. म्हटलं, तुम्ही जिथे शिकार करणार त्याच भागात एक दिवस फिरून बघू.

तीन जातींचे सेट घेतले. पहिला त्यांचा लाडका, यूएचएफवर म्हणजे आखूड लहरींवर चालणारा. दुसरा पाच वॅटचा व्हीएचएफ म्हणजे लांब लहरींचा, स्क्रीन नाही, वर दोन जाड फिरते खटके, बस्स. तिसरा बिनपरवान्याचा, अर्ध्या वॅटचा, ज्याची अँटेना काढताच येत नाही. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झवर चालतात तसा. (अमेरिकेतल्या बिनपरवान्याच्या सेटना २०१७ पासून काही चॅनलवर दोन वॅटपर्यंत मुभा आहे. नियम देशागणिक बदलतात, म्हणून खरेदीआधी पहिला प्रश्न परवान्याचाच.) प्रत्येकाजवळ तिन्ही सेट. म्होरके खाली गाडीजवळ, मी मधल्या धारेवर आणि त्यांचा पुतण्या धारेपलीकडच्या रानात. पाऊस पहाटेपासून लागलेला, झाडं नखशिखान्त भिजलेली. चाचणीला यापेक्षा चांगला दिवस मिळत नाही.

तासाभरात बरंच कळलं. गाडी आणि रान यांच्यामध्ये धार होती, तिथे दहा वॅटचा सेट मुका झाला. पाच वॅटच्या व्हीएचएफवर तुटक का होईना, शब्द येत होते. त्याची लहर दोनेक मीटरची, यूएचएफची पाऊण मीटरहूनही कमी. लांब लहर धारेवरून थोडी वाकून पलीकडे उतरते, ओल्या पानांतही कमी जिरते. त्या बदल्यात अँटेना लांब लागते. व्हीएचएफला बोटभर अँटेना लावून मिरवणारे सेट मी दारातूनच परत पाठवते. मी मात्र धारेवर होते, त्यामुळे मला दोघंही ऐकू येत होते, अगदी अर्ध्या वॅटवरसुद्धा. एकदा म्होरक्यांचा आवाज खरखरीत बुडाला, तेव्हा मी व्हीएचएफवरून त्यांना सांगितलं, "एक पाऊल डावीकडे सरका." सरकले आणि आवाज स्वच्छ. यूएचएफच्या लहरी खडकांवर आपटून एकमेकींना मारतात, हातभर अंतरावर मेलेली जागा आणि जिवंत जागा शेजारी शेजारी असतात. ते दोनदा पुढे-मागे झाले, खात्री करून घेतली आणि "कमाल आहे" म्हणाले. तरी लाडक्या सेटवरची माया कायम होती.

दुपारी पुतण्या गप्प झाला. ठरल्या वेळेला त्याची हाक आली नाही. धुकं उतरायला लागलं होतं. खालून म्होरके विचारत होते, "तो बोलला का? बोलला का तो?" माझ्याजवळच्या दहा वॅटच्या सेटवरचा हिरवा दिवा मात्र मधूनच लागत होता. दिवा लागतोय आणि आवाज नाही, म्हणजे कुणीतरी बटण दाबून बोलतंय आणि माझा सेट त्याला आत घेत नाहीये. मी मॉनिटरचं, म्हणजे येईल ते सगळं ऐकवणारं, बटण दाबून धरलं. लगेच खरखरीतून त्याचा आवाज, "कुणी आहे का? पडलोय मी. गुडघा हलत नाही."

झालं होतं असं. अशा सेटमध्ये आवाजाखाली एक बारीक टोन जातो. दोन्हीकडे तोच टोन जुळला तरच स्पीकर उघडतो. खोक्यावर याला गोपनीयतेचा कोड म्हणतात, पण त्यात गोपनीय काही नसतं, टोन न लावलेला कुणीही सगळं ऐकू शकतो. ओल्या खडकावरून घसरताना छातीवरच्या सेटची बटणं दाबली गेली, कारण कीपॅडला कुलूप लागलेलं नव्हतं आणि ते आपोआप लागायची सोयही त्या सेटमध्ये नव्हती. टोन बदलला. पोरगा बोलतोय, सेट लहरी सोडतोय आणि ऐकणारे सगळे बहिरे.

"दुसरा घे, खटक्यांचा," मी व्हीएचएफवरून सांगितलं. तो सेट ओढ्यात भिजला होता. पण तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावा अशा आयपी ६७ दर्जाचा. त्याने झटकला, बटण दाबलं आणि आवाज आला. बोटं गारठलेली असतानाही त्याला चॅनल चाचपून सापडला, कारण खटका अडखळत फिरतो आणि टोकाला थांबतो.

म्होरके पायवाटेने धार ओलांडून निघाले. वाटेत त्यांच्या लाडक्या सेटने मान टाकली. स्क्रीनवर बॅटरी अजून भरलेली दिसत होती, पण बोलायचं बटण दाबलं की सेट बंद. हलक्या प्रतीच्या बॅटरीचं हे नेहमीचं. निवांत असताना व्होल्टेज छान दिसतं, थंडीत बोलायचा भार पडला की कोसळतं. म्हणून मी बॅटरी पडद्यावरच्या चित्रावरून कधीच जोखत नाही.

धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. पोरगा कुठल्या ओहोळात आहे हे त्यालाच सांगता येईना. मग म्होरक्यांना सांगितलं, बटण दाबून धरा आणि शिट्टी मारा. पोराला सांगितलं, सेटमधून शिट्टी ऐकलीस की मोजायला लाग, तीच शिट्टी हवेतून कानावर आली की थांब. रेडिओला वेळ लागत नाही, आवाजाला मात्र सेकंदाला ३४० मीटर चालत यावं लागतं. पहिल्यांदा दीडेक सेकंद, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. थोडं खाली उतरून पुन्हा शिट्टी मारली, अंतर वाढलं, म्हणजे दिशा चुकली. वळले. मग सेकंदाच्या आत आलं आणि शेवटी दोन्ही शिट्ट्या एकच ऐकू यायला लागल्या. तिथून त्यांनी नुसत्या हाका मारल्या. (डिजिटल सेटवर ही युक्ती करू नका, तिथे आवाज आधीच थोडा उशिरा येतो.)

गुडघा सुजला होता, मोडलं काही नव्हतं. परतीच्या वाटेवर म्होरके बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बंदूक उचलताना पोरं कुठे आहेत हे कळावं म्हणून सेट घेत होतो. ज्याचा टोन सरकला तो मला दिसलाच नसता." मी मान हलवली. शिकारीत रेडिओचं पहिलं काम हेच: चाप ओढायच्या आधी प्रत्येकाने आपली जागा सांगायची. जनावर कुठे आहे हे सांगायला तर कित्येक ठिकाणी कायद्याने बंदी असते, तेही त्यांना बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी खटक्यांचे व्हीएचएफ सेट सांगितले. सोबत प्रत्येकी एक जादा बॅटरी, ती अंगाच्या उबेत कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची. अंगावर वाजणारा स्पीकर नको, कानात घालायचं यंत्र हवं. टोन सगळ्यांचे काढून टाका म्हणाले. मी काढले आणि चॅनल संगणकावरून बांधून दिले, म्हणजे रानात कुणाला बदलता येणार नाहीत. धारेवर एक माणूस नेहमी बसवायचा, हेही त्यांनीच सुचवलं.

लाडका दहा वॅटचा सेट त्यांनी तरीही एक घेतला. गाडीत ठेवायला, म्हणाले. मी बिल केलं.