आधी सुधारतो, मग येतो

उपासनेला कधीमधी येऊन मागच्या बाकावर बसणारे काही जण असतात, त्यांच्याशी बोलायला गेलं की बऱ्याचदा हेच ऐकायला मिळतं, "दारू सुटू दे, घरातली भांडणं मिटू देत, मग येतो प्रभूकडे." मला फार वाईट वाटतं हे ऐकून, कारण बोलणारा अगदी मनापासून बोलत असतो, देवासमोर उभं राहायचं तर आधी थोडी तरी लायकी पाहिजे असंच त्याला वाटतं.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचं सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करत फिरलं, उपास, व्रतं, दानधर्म, सगळं श्रद्धेने केलं, आणि दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींकडे राहिल्या. त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं, तिथे समाजाने टाकलेल्या बायकांना आसरा दिला जायचा. या बायकांची इतक्या मायेने काळजी का घेतात हे रमाबाईंना कळेना, त्यांनी विचारलं, तर सिस्टरने बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपार, विहिरीवर येशू बसलेला, आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या लोकांपैकी. तिचे पाच नवरे झालेत, आता ज्याच्यासोबत राहते तो नवरा नाही, हे सगळं येशूला ठाऊक आहे आणि तरी जिवंत पाण्याबद्दल, म्हणजे सार्वकालिक जीवनाबद्दल तो तिच्याशीच बोलतो, आधी सगळं निस्तरून ये मग देतो असं म्हणत नाही.

त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. नंतर त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विद्वान बाई, संस्कृत मुखोद्गत, बायबलचा अभ्यास चालू, तरी आपण काही कमवायचं नाहीये, आहोत तसंच जाऊन नुसतं घ्यायचंय, हे मनात उतरायला वर्षं गेली. पुढे केडगावला स्वतःच सुरू केलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी फुलहॅमसारखंच एक घर उभं केलं, त्याचं नाव कृपा सदन.

मग कोणी विचारतं, असं असेल तर कसंही वागलं तरी चालेल का? नाही ना. बायबलमधल्या जक्कयाचं बघा, लबाडीने पैसा केलेला जकातदार, येशूला बघायला झाडावर चढून बसलेला. येशू म्हणाला खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुरले. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं ते त्यानंतर, येशूने हाक मारताना तशी अट घातली नव्हती.

म्हणून मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, दारू सुटली नसेल तरी या, भांडण मिटलं नसेल तरी या, आजच या. प्रार्थना कशी करायची ते येत नसेल तर येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या, मंदिरात लांब उभ्या राहिलेल्या जकातदाराची प्रार्थना पुरे आहे, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तो एवढंच बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला.