साडेचार क्विंटलचा उतारा

चित्रकलेच्या तासाला आम्हाला धास्ती एकाच गोष्टीची, एलिमेंटरीच्या परीक्षेची. स्मरणचित्रात माणसांचे हात कशामागे लपवायचे, यात आम्ही तरबेज झालो होतो. नववीत असताना सरांनी मासिकातलं एक पान फळ्यावर टाचलं. मागे टोलेजंग इमारती आणि पुढे काढणीला आलेला गहू.

अ‍ॅग्नेस डेनेस या कलावंत बाईंनी १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये दोन एकर गहू पेरला होता. सर म्हणाले, "याला मांडणशिल्प म्हणतात, जागेवरच मांडलेली कलाकृती."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आमचा बाप रोज तेच करायलाय की, सर!"

सर रागावले नाहीत. शेतकऱ्यांची पोरं आम्ही, प्रश्नही तसलेच. जमीन कसली? भरावाची, दगडधोंड्यांची, वर दोनशे ट्रक माती टाकलेली, आपल्याकडे तलावातला गाळ टाकतात तशी. पेरणीची तासं, म्हणजे सऱ्या, किती? २८५, तीही हातानं काढलेली. पेरणी १ मेला, म्हटल्यावर वर्ग खो खो हसला. मेमध्ये गहू पेरणाऱ्याला मराठवाड्यात लोक वेड्यात काढतील. तिकडचा हिवाळा बर्फाचा, हे सरांनी समजावलं. काढणी १६ ऑगस्टला, माल हजार पौंडांच्या वर. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला: साधारण साडेचार क्विंटल.

"दोन एकरांत? बियाणं बोगस लागलं असंल बाईला!" पुन्हा तोच मागच्या बाकावरचा.

मग सरांनी त्या जमिनीची किंमत सांगितली. साडेचार अब्ज डॉलर. एवढ्या भावाच्या जागेत गहू कशाला, हे लोकांनी विचारावं म्हणूनच तर बाईंनी तो पेरला होता. पुढे ते धान्य प्रदर्शनासोबत २८ शहरांत फिरलं. शेताच्या जागी आता इमारती आहेत.

नंतर मुंबई-पुण्यात मी बरीच मांडणशिल्पं पाहिली. काही तर नुसती सजावट वाटली. हे एक कळलं, कारण त्याचा हिशेब मांडता येत होता.

आज मी जमीन मोजणीच्या कामात आहे. शाळेमागचं काळं रान एनए, म्हणजे बिगरशेती झालं, तेव्हा प्लॉट पाडायला फक्की मारली जात असताना मी तिथंच उभा होतो. बागायती जमीन, पण गुंठ्याच्या भावापुढे गव्हाचं कोण ऐकतो?

मागच्या बाकावरच्या मित्रानंही शेतात मंगल कार्यालय काढलंय. सरांच्या नातीचं लग्न तिथंच लागलं. जेवणं झाल्यावर सरांनी त्याला विचारलं, "काय रे, एकरी उतारा किती?"

"लग्नसराईत बरा पडतो, सर."