जुनी फायबरची बोट घरी दुरुस्त करताना: माझा अनुभव

जुनी बोट घेणारा आधी रंग बघतो. रंगाचं काम सगळ्यात शेवटी. पुण्यात घरामागे बोट उतरवल्यावर मी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन ती इंचाइंचाने ठोकून बघितली. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो, आतलं लाकूड कुजलं असेल तर बद्द. इंजिन अडकवायची मागची उभी फळी (ट्रान्सम) खालच्या बाजूला बद्द वाजत होती. आतून छोटं भोक पाडलं तर ड्रिलला काळा, ओला भुसा. अशा वेळी वरून पॅच मारण्यात अर्थ नाही, ओल्या लाकडाला रेझिन (फायबरला घट्ट करणारं पॉलिएस्टरचं द्रव) धरतच नाही.

कापण्याआधी बोट जुन्या टायरांवर ठेवून गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने सरळ करून घेतली. ट्रान्सम निघाली की बोटीचं अंग सैल पडतं, आणि तशा पिळात नवी फळी बसली तर तो पीळ कायमचा.

बाहेरचं फायबर राखून आतून कापलं, कुजका प्लाय छिन्नीने काढला. जुनी जाडी ३६ मिमी, म्हणून आयएस ७१० चा १८ मिमी मरीन प्लाय दोन थरांत. प्लायच्या कडांना रेझिन भरपूर पाजायचं, पाणी तिथूनच शिरतं. आधीच्या कुणी एम-सील किंवा अ‍ॅराल्डाइट भरलं असेल तर तेही खरवडून काढायचं. इपॉक्सीवर पॉलिएस्टर रेझिन नीट चिकटत नाही.

कडा ग्राइंडरने उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारापट. ४ मिमी जाडीला जवळपास ५ सेंमी. ही धूळ अंगाला भयंकर खाजते. पूर्ण बाह्या, चष्मा हवाच. साधा मास्क धूळ अडवतो, रेझिनचा वास नाही. त्यासाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो.

नवखा माणूस फसतो तो हार्डनरमध्ये, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनात. प्रमाण रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. एप्रिलमध्ये पुण्यात पारा अडतीसच्या पुढे गेला की १ टक्काही मगमध्ये बघता बघता जेली होतो. म्हणून काम सकाळी लवकर, एका वेळी ३००-४०० ग्रॅमच रेझिन, हार्डनर सिरिंजने ३-४ मिली. १ टक्क्याच्या खाली मात्र जायचं नाही, रेझिन कच्चं राहतं. उरलेलं रेझिन मगमध्ये साठलं तर तापून धूर सोडतं, पसरट ट्रेमध्ये ओतून उघड्यावर ठेवायचं. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला मदत करणारं द्रावण) वेगळं मिळालं तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र केले तर भडका उडतो.

४५० ग्रॅमच्या मॅटला (काचतंतूंची चादर) चौरस मीटरमागे साधारण किलोभर रेझिन लागतं. आधी मॅट, मग रोव्हिंग (विणलेलं जाड काचकापड), परत मॅट. लोखंडी रोलरने हवा काढत गेलो. पांढरा ठिपका राहिला म्हणजे आत हवा. पावसाळ्यात हे काम काढूच नये, मॅट ओल धरते.

जेलकोट (सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर) अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, जाड झाला की तडकतो. हवेत तो चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हातात वॅक्स सोल्यूशन (हवा अडवणारं मेणाचं द्रावण). मधल्या थरांत वॅक्स गेलं तर पुढचा थर सुटतो.

इंजिनाच्या बोल्टची भोकं आधी मोठी पाडून रेझिनच्या पुट्टीने भरली, सुकल्यावर मधोमध योग्य मापाची पाडली. आता बोल्टभोवतीचं सील गेलं तरी पाण्याला प्लाय सापडत नाही.