प्रभावळीचा उजेड : मांजरपाटाचे दोन पदर

जत्रेतल्या दशावतारी नाटकासाठी बांधायला घेतलेली कामट्यांची प्रभावळ अखेर उभी राहिली. ५ फूट उंच, कडेने ४ मीटर एलईडी पट्टी, मीटरला ६० दिवे, म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी जातीचे, एकेकाचा रंग वेगळा ठरवता येणारे २४० दिवे. चालवतो ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर, त्यात डब्ल्यूएलईडी हे दिव्यांचं सॉफ्टवेअर. डेटाच्या तारेवर ३.३ व्होल्टचे ५ करणारी ७४एएचसीटी१२५ चिप बसवली आणि मधलं भलतंच लुकलुकणं थांबलं.

खरं घोडं अडलं मंद उजेडापाशी. ट्रिकसीनमध्ये देव प्रकटतो तेव्हा प्रभावळ काळोखातून हळूहळू उमलायला हवी. पहिल्या तालमीत ती धक्के देत वर आली. एकेका रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात, आणि डोळे दिपू नयेत म्हणून मी कमाल उजेड १५ टक्क्यांवर ठेवला होता. १० सेकंदांच्या उमलण्याला हाती उरल्या जेमतेम ३८ पायऱ्या, त्यातली प्रत्येक डोळ्यांना कळत होती. मोबाइलच्या चित्रणात आडवे काळे पट्टेही आले. हे दिवे मंद होतात ते भराभर चालू-बंद होऊन. जितका मंद तितका बंद असण्याचा वेळ जास्त, आणि कॅमेरा तो पकडतो.

म्हणून सॉफ्टवेअरमधला उजेड पुन्हा १०० टक्के केला आणि पट्टीपुढे २ इंचांवर मांजरपाटाचे दोन पदर ताणले. उजेड कापडाने खाल्ला, पायऱ्या सगळ्या शाबूत राहिल्या. दिव्यांचे सुटे ठिपके जाऊन एकसंध कड दिसू लागली, ती वेगळी कमाई. मंद उजेड हवा असेल तर आधी कापड लावून बघा, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

विजेचा हिशेबही जमला. पूर्ण पांढऱ्याला दिव्यामागे ६० मिलिअँपिअर, म्हणजे १४.४ अँपिअर लागले असते. मला हवा समईच्या ज्योतीचा रंग: लाल २५५, हिरवा १००, निळा शून्य. त्याला साधारण ६.७ अँपिअर पुरतात, माझा सप्लाय १० चा आहे. वीज दोन्ही टोकांना दिली आहे; एकाच टोकाला दिली तेव्हा दुसरीकडचा रंग लाल पडत होता, कारण व्होल्टेज उतरलं की हिरवा आधी दमतो, लाल तग धरतो.

हीच पट्टी चेहऱ्यावर टाकून पाहिली, तो प्रयोग फसला. तिन्ही रंगांच्या मिश्रणातून झालेल्या पांढऱ्यात रंगभूषा पार बिघडते. हार्मोनियमवरचे काका म्हणाले, "झिला, देव असो जांभळो दिसता व्हय?" चेहऱ्यासाठी आता ३००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेला वेगळा दिवा आहे.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी एक गोष्ट. गेल्या पावसाळ्यात माझ्या तारांचे सांधे हिरवे पडले. खाऱ्या हवेला दोष देत होतो, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मीच फासलं होतं, आणि त्यातलं आम्ल तांबं खातं. यंदा तसलं आम्ल न सोडणारं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी.

कालच्या तालमीत प्रभावळ उमलू लागली तसा पखवाजवाल्या दादांचा हात आपसूक संथ झाला, आणि उजेड त्यांच्या आधी पोहोचला. आता उमलणं १४ सेकंदांचं केलंय.