‘वॉरंटी संपली’ म्हणायचं नाही

कराडला आमचं मिक्सर, पंखे, गॅसच्या शेगड्यांचं दुकान होतं. गल्ल्याच्या मागे लक्ष्मीचा फोटो आणि त्याच्या शेजारी पाटी : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मी अक्षरं जोडायला त्याच पाटीवर शिकले, असं आई सांगते. त्यामुळे मेलबर्नला एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा वाटलं, काउंटर म्हणजे आपलं माहेरच. इथे मला कोण काय शिकवणार!

पहिल्याच आठवड्यात मागच्या खोलीत, डुगडुगणाऱ्या स्टुलावर, कॉम्प्युटरसमोर बसवलं. विषय : स्पर्धा आणि ग्राहक कायदा. प्रत्येक धड्याशेवटी प्रश्न, चुकलात की तो धडा पुन्हा पहिल्यापासून. ‘ग्राहक हमी’च्या धड्यात मी दोनदा नापास. डोक्यात पाटी होती ना!

इथे तशी पाटी लावणंच बेकायदा आहे. ‘सेलच्या मालावर पैसे परत नाहीत’ हेही लिहिता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा १ जानेवारी २०११ पासून सगळ्या राज्यांत एकसारखा लागू आहे आणि त्यातली हमी कंपनीच्या वॉरंटी कार्डापेक्षा वेगळी. वस्तू धड चाललीच पाहिजे. किती वर्षं? तर त्या किमतीच्या त्या वस्तूकडून समजूतदार माणूस जितकी अपेक्षा ठेवेल तितकी. आकडाच दिलेला नाही! पाठांतरावर वाढलेल्या मला याचा फार राग आला.

राग उतरला तो वॉशिंग मशीनच्या दिवशी. एक बाई मोबाइलवर बिलाचा फोटो घेऊन आल्या. मशीन अकराशे डॉलरचं, वॉरंटी दोन वर्षांची आणि ड्रम फिरायचा थांबला सव्वादोन वर्षांनी. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, ‘‘सॉरी, वॉरंटी संपली.’’ बाई मान हलवून निघाल्याही. आमची सुपरवायझर कुठूनशी धावत आली, बाईंना थांबवलं, मेकॅनिक पाठवायची तारीख दिली. मग मला फ्रीजच्या रांगेआड घेऊन म्हणाली, ‘‘तू खोटं बोलली नाहीस. पण तुझं ऐकून त्यांना वाटलं की आपला हक्कच संपला. याला दिशाभूल म्हणतात.’’ मशीन फुकट दुरुस्त झालं.

दोष किरकोळ असेल तर दुरुस्ती, बदली की पैसे हे दुकानाने ठरवायचं. मोठा असेल तर बदली की पैसे हे गिऱ्हाईकाने. ‘कंपनीशी बोला’ म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण विकलंय आम्ही. मात्र ‘रंग आवडला नाही’ म्हणून आलात तर कायदा काही देत नाही. तिथे दुकानाची मर्जी. गंमत म्हणजे लोक त्यासाठीच जास्त भांडतात.

मोठ्या कंपन्याही यात सापडतात. बाहेरच्या दुकानात दुरुस्ती करून घेतली म्हणून बंद पडलेल्या आयफोनला हात लावायला अॅपलने नकार दिला होता. २०१८ मध्ये कोर्टाने ९० लाख डॉलरचा दंड केला. २०२२ च्या अखेरीस तर कंपनीच्या दंडाची कमाल मर्यादा पाच कोटी डॉलर, प्रसंगी त्याहूनही जास्त झाली.

‘स्पर्धा’वाला भाग मी झोपेतच ऐकला. भाव ठरवणं हे साहेबलोकांचं काम, माझा काय संबंध? पण गणपतीत एका ओळखीच्या दादांनी गाठलं. ते दुसऱ्या दुकानात मॅनेजर. मोदक तोंडात असतानाच म्हणाले, ‘‘बॉक्सिंग डेच्या सेलला पंचावन्न इंची टीव्ही कितीला लावताय? आम्हीही तेवढ्यालाच लावतो, उगाच एकमेकांचं कशाला मारायचं?’’ कराडात याला शेजारधर्म म्हणतात. इथे असं संगनमत थेट गुन्ह्यात मोडतं आणि माणूस तुरुंगातही जाऊ शकतो. ‘‘दादा, आरती सुरू होतेय,’’ म्हणून मी सटकले.

हे सगळं फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पाटी होती गं, पण माल परत घेतच होतो की!’’ खरंय. ओळखीच्यांचा घेत होते. बाजारच्या दिवशी खेड्यावरून आलेल्या माणसाचा? मी विचारलं, तर त्यांनी पावसाचा विषय काढला. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे की सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा. पाट्या अजून लटकताहेतच.

गेल्या महिन्यात काउंटरवर एक आजी आल्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, कांजीवरमवर जाड जॅकेट. पिशवीतून मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली किटली काढली. तळातून गळत होती.

‘‘बाळा, खोका टाकून दिला गं सुनेनं. पावतीही सापडत नाही. चालवून घेतील का?’’

खोका लागत नाही, आणि पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंटही चालतं, मी म्हटलं. सुनेने फोनवर ते पाठवलं. पैसे हवेत की नवी किटली, एवढंच मी विचारलं.

आजी इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, ‘‘तुझ्या साहेबांना नको विचारायला?’’

‘‘नको.’’

‘‘मग नवीच दे. आणि एकदा पाणी घालून दाखव.’’