तुम्ही विचारलंत म्हणून: हे नकाशे इतके अस्पष्ट का?

मेंदूची साधी एमआरआय प्रतिमा इतकी रेखीव येते, मग मेंदूतल्या रसायनांचे नकाशे असलेली स्पेक्ट्रोस्कोपिक प्रतिमा ठोकळ्याठोकळ्यांची का, आणि संगणकाने ती स्पष्ट का करून घेत नाही, असे मला नेहमी विचारले जाते. साधी एमआरआय मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनचा संकेत टिपते. आम्हाला मात्र एन-असेटिल अस्पार्टेट, क्रिएटिन, कोलीन या मेंदूतल्या रसायनांचा संकेत हवा असतो आणि तो पाण्याच्या संकेताहून हजारो पटींनी क्षीण असतो. व्होक्सेलची, म्हणजे प्रतिमेतल्या एका ठोकळ्याची, बाजू 10 मिलिमीटरवरून 5 वर आणली की संकेत आठपट घटतो, आणि केवळ पुन्हापुन्हा मोजून ही तूट भरून काढायची तर 64 पट वेळ लागतो. तेवढा वेळ रुग्णाला यंत्रात निश्चल ठेवता येत नाही, म्हणून मोजमापे थोडीच घ्यावी लागतात.

अपुऱ्या मोजमापांवर फूरिए रूपांतर (मोजमापांतून प्रतिमा काढण्याचे नेहमीचे गणित) केले की प्रत्येक बिंदूचा संकेत लहरींप्रमाणे आजूबाजूला पसरतो. पहिल्या लहरीची उंची मूळ शिखराच्या सुमारे 21 टक्के असते. एकदा मेंदूच्या आतल्या भागातील एका व्होक्सेलच्या स्पेक्ट्रममध्ये (वारंवारतेनुसार काढलेल्या संकेताच्या आलेखात, जिथे प्रत्येक रसायनाची शिखरे ठरावीक जागी येतात) 1.3 पीपीएमजवळ (दहा लाखांत भाग, हे त्या जागेचे एकक) ठळक उंचवटा दिसला आणि मी तो लॅक्टेट या रसायनाचा समजलो. लॅक्टेटच्या शिखराला दोन टोके असतात, इथे मात्र एकच रुंद फुगवटा होता: तो कवटीवरच्या त्वचेखालील चरबीचा संकेत होता, कित्येक सेंटिमीटर आत झिरपलेला. हॅमिंग गाळणी या गणिती उपायाने अशा लहरी दबतात खऱ्या, पण प्रतिमा आणखी पसरट होते. त्यापेक्षा चरबी कवटीबाहेरच असते आणि तिचा स्पेक्ट्रम मेंदूतील द्रव्यांहून वेगळा असतो, ही माहिती पुनर्रचनेच्या, म्हणजे मोजमापांतून प्रतिमा घडवण्याच्या, गणितातच घालणे मला अधिक योग्य वाटते. चुंबकीय क्षेत्राचा नकाशाही त्यातच घालावा लागतो, कारण 3 टेस्लाच्या यंत्रात क्षेत्र दहा लाखांत एका भागाने बदलले तरी शिखर सुमारे 128 हर्ट्झ सरकते, आणि एन-असेटिल अस्पार्टेट व क्रिएटिन यांच्या शिखरांतले अंतरही जवळपास तेवढेच आहे.

एमआरआयवरून ऊतींच्या सीमा उसन्या घेण्याची कल्पना जुनी आहे. एमआरआयचे एक जनक पॉल लॉटरबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडलेली स्लिम पद्धत प्रत्येक भाग आतून एकसारखा आहे असे धरून चालते. गाठीच्या बाबतीत हे गृहीतक मला धोक्याचे वाटते, कारण गाठ आतून एकसारखी क्वचितच असते. मोजक्या मूळ स्पेक्ट्रमांच्या मिश्रणातून प्रत्येक व्होक्सेलचा स्पेक्ट्रम बांधणाऱ्या अलीकडच्या उपअवकाश पद्धती त्या मानाने कमी हट्टी आहेत; तरीही जे मूळ संचात नाही, ते त्यांच्याकडून पुसले जाण्याची भीती उरतेच.

म्हणून नवी पद्धत हाती आली की मी संगणकावरच्या कृत्रिम मेंदूत, एमआरआयमध्ये मुळीच न दिसणारा, कोलीन वाढलेला एक छोटा ठिपका मुद्दाम ठेवतो. पुनर्रचनेनंतर तो जागेवर दिसला नाही, तर बाकीची प्रतिमा कितीही रेखीव असली तरी ती पद्धत मी रुग्णाच्या मोजमापांवर वापरत नाही.