तुम्ही विचारलंत म्हणून: एकसर म्हणजे नक्की कुठे?

कुठे राहता विचारल्यावर मी एकसर म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "एकसर? हे कुठे आलं?" मग बोरिवली वेस्ट, लिंक रोड, योगीनगर असं सांगितलं की "अच्छा, बोरिवली!" म्हणून विषय संपतो. मेट्रो आल्यापासून त्यात आणखी एक भर पडलीये, "स्टेशनला सरळ बोरिवली नाव द्यायचं ना, हे एकसर कशाला?" तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

एकसर हे गाव आहे. बोरिवली, शिंपोली, एकसर अशी इथे शेजारी शेजारी गावं आणि पाडे होते, मग रेल्वेने एका बोरिवलीचं स्टेशन केलं आणि बाकीच्यांचा पत्ता "बोरिवली" झाला. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजूनही म्हणतात "मी जरा गावात जाऊन येते", आणि गाव म्हणजे इथून चालत पंधरा मिनिटांवर. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, डहाणूकरवाडी ते आरे अशी मेट्रो सुरू झाली, त्याच आठवड्यात मी त्यांना दहिसरपर्यंत फिरवून आणलं. येताना मंडपेश्वर गेलं आणि "पुढील स्थानक, एकसर" अशी अनाउन्समेंट झाली तेव्हा त्यांनी माझा हात एकदम घट्ट धरला. काही बोलल्या नाहीत, पण दरवाजा उघडेपर्यंत हात सोडला नाही. लिंक रोडवर इतकी वर्षं बॅरिकेड आणि धूळ सोसली होती सगळ्यांनी, त्यात गावाचं नाव असं मोठ्याने ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आणि हे नाव किती जुनं आहे ते बघायचं असेल तर एकसरचे वीरगळ बघा. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, महाराष्ट्रात गावोगावी असतात, पण बहुतेकांवर घोडे, गाई, तलवारी दिसतात. आमच्या काही वीरगळांवर जहाजं आहेत! १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या सहा दगडांची नोंद आहे, त्यातले चार दहा-दहा फूट उंच. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, खाली लढाई, मग वीराला स्वर्गात नेणं, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश. एका दगडावर खालच्या पट्टीत पाच जहाजं ओळीने निघालीत, प्रत्येकाला उंच डोलकाठी आणि बाजूला वल्ह्यांची रांग. जवळ जाऊन बघितलं तर वल्ही सगळी एकाच बाजूला कललेली, म्हणजे सगळे एका दमात मारतायत, असं वाटतं आता हलतील. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथून पाय निघेना, आणि वाईटही खूप वाटलं की लग्न होऊन इथे आल्यावर इतकी वर्षं मी भाजी घेऊन शेजारच्या रस्त्याने जात होते.

ही लढाई कोणाची यावर बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं, की देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांची, १२६५ च्या आसपासची. (काही जण हे दगड त्याहून जुने मानतात.) सोमेश्वर समुद्रात बुडाला असं हेमाद्रीने लिहून ठेवलंय, हो तोच, हेमाडपंती देवळांवरून आपल्याला माहीत असलेला हेमाडपंत. मला स्वतःला यादव-शिलाहारच पटतं, कारण एवढी जहाजं कोरावीशी वाटायला तेवढी मोठी लढाई व्हायला हवी. गावातली माणसं मात्र राजाबिजाचं काही विचारत नाहीत, ती देव म्हणून फूल वाहतात, आणि मला वाटतं इतक्या बिल्डिंगा उठल्या तरी हे दगड राहिले ते त्या फुलांमुळेच.

बरं, "ते लेडीज स्टेशन का?" हेही विचारतात. हो, तेच. मार्च २०२३ मध्ये, महिला दिनाच्या सुमारास, एकसर आणि मेट्रो सातवरचं आकुर्ली ही दोन स्टेशनं पूर्ण महिलांच्या हातात दिली, स्टेशन मॅनेजरपासून सिक्युरिटी आणि साफसफाईपर्यंत, तीन शिफ्टमध्ये. आईंचं कार्ड एकदा गेटला लागत नव्हतं, मागे लाईन लागलेली, त्या घाबरल्या. तिथल्या मुलीने "आजी, सावकाश, मी आहे ना" म्हणून त्यांचा हात धरून कार्ड टेकवलं आणि गेट उघडल्यावर त्यांना पलीकडे जाऊ देऊन मगच ती मागे वळली. तेव्हापासून आई एकट्या जातात, मंडपेश्वरला उतरून त्यांच्या मैत्रिणीकडे. आधी रिक्षाची वाट बघत अर्धा तास उभ्या राहायच्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा, मेट्रोचं "बोरिवली पश्चिम" लिंक रोडवर आहे, रेल्वे स्टेशनला लागून नाही, त्यात खूप जण फसतात. आमच्याकडे यायचं तर अंधेरी पश्चिमहून बोरिवली पश्चिमच्या पुढचं, दहिसरहून मंडपेश्वरच्या पुढचं. उतरून फोन करा, मी खाली येते, आधी गावात जाऊन जहाजं बघू आणि मग घरी चहा. आईंना सांगून ठेवलंय, त्यांनाही यायचंय.